"आमच्यांत मेंदी ना, चुडो आसता" असं आजी म्हणते तेव्हा

गोव्यातल्या डिचोलीच्या एका मुलीनं पत्रातून विचारलं आहे. मार्गशीर्षात तिचं लग्न आहे, नवरा कोल्हापूरचा. सासरच्यांना मेंदीचा मोठा कार्यक्रम हवा आहे, गाण्याबजावण्यासकट. इकडे आजी म्हणते, "आमच्यांत मेंदी ना, चुडो आसता." म्हणजे आपल्यात मेंदी नसते, हिरव्या कांकणांचा चुडा असतो. मेंदी आपली की बाहेरून आलेली, ती गडद रंगण्याला खरंच काही अर्थ असतो का आणि फोटोत उठून दिसते म्हणून काळी मेंदी काढून घ्यावी का, हे तिला जाणून घ्यायचं आहे. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तशी एक ओळ आहे: वडील जाऊन चार वर्षं झाली, आईनं मेंदी लावली तर चालेल का? आत्या आतापासूनच कुजबुजायला लागल्या आहेत.

फोंड्यात राहून मी गेली २३ वर्षं मेंदी काढते. पेडण्यापासून काणकोणापर्यंत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सगळ्या घरांत बसले आहे. मुली, तुझी ती शेवटची ओळ मला सगळ्यांत मोठी वाटली. तिच्याकडे येतेच. पण आधी आजीबद्दल.

आजीचं खरं आहे. आपल्या गोंयकार हिंदू लग्नात पूर्वापार मान आहे तो चुड्याचा. कांकणकार घरी येतो, नवरीला पाटावर बसवतात, तो तिचा हात आपल्या हातात घेऊन बोटांची पेरं हळूहळू दाबत आणतो, अंगठा आत वळवतो आणि हिरवी काचेची कांकणं एकेक करून मनगटावर चढवतो. हात राठ असला तर तेलाचं बोट लावतो. भोवती बायका श्वास रोखून बघत असतात, कारण नेमकी त्याच वेळी कांकण फुटायला नको. फुटलंच तर कोणी "फुटलं" म्हणत नाही, "वाढलं" म्हणतात. चुडा भरून झाला की नवरी मोठ्यांच्या पाया पडते, कांकणकाराला नारळ, तांदूळ, विडा आणि पैसे मिळतात. त्या घटकेपासून ती मुलगी घरातली असूनही थोडी निघालेली असते. तुझ्या आजीला हेच म्हणायचं आहे. तिच्या डोळ्यांसमोर हा प्रसंग उभा आहे आणि मेंदीच्या गडबडीत तो हरवेल अशी तिला भीती वाटते. ती भीती मी पाहिली आहे आणि ती खोटी नाही. हल्ली चुडा दहा मिनिटांत उरकतात आणि मेंदी मात्र संध्याकाळभर चालते.

आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही चुडा आहे. मामाच्या घरी भरतात, मामाचा मान असतो. शिवाय त्यांचा रोस, म्हणजे लग्नाआधी नारळाच्या रसानं घालायची आंघोळ. इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, १७३६ साली जे फर्मान काढलं, त्यात लग्नाआधी नवरानवरीच्या अंगाला हळद, नारळाचा रस लावण्यावरही बंदी होती. ओव्या म्हणायला बंदी होती. इन्क्विझिशन १८१२ मध्ये संपलं. रोस आजही चालू आहे. मी एकदा एका ख्रिस्ती नवरीच्या पायांवर मेंदी काढत होते, तेव्हा तिची आजी वाटीतला नारळाचा रस ढवळत म्हणाली, "हें आमकां कोणेंच शिकोवंक ना." हे आम्हाला कोणीच शिकवलेलं नाही. बायकांनी बायकांच्या हाती दिलेलं असं टिकून राहतं.

म्हणजे मेंदी आपली नव्हेच का? इथं जरा थांब.

लग्नातल्या कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी या विधींना मंत्र आहेत, भटजी आहेत. मेंदीला मंत्र नाही, होम नाही, भटजीचं काम नाही. ती लोकाचारातली गोष्ट. पण लोकाचाराला कमी समजू नकोस. घरच्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहविधीच्या वर्णनाची सुरुवातच अशी होते की, देशादेशांचे आणि गावोगावचे आचार नाना प्रकारचे असतात, लग्नात ते पाळावेत. आपस्तंब हा दुसरा सूत्रकार तर सरळ सांगतो की असे आचार बायकांकडून जाणून घ्यावेत. सूत्रं लिहिणाऱ्यांनीच हा भाग आज्या-मावश्यांच्या हाती ठेवला आहे. त्यामुळे तुझ्या आजीचा शब्द मोठाच. आणि तुझ्या सासूबाईंच्या गावचा आचार हाही आचारच.

शिवाय मेंदीचं झुडूप आपल्याला परकं नव्हतं. लग्नात नसली तरी घरात होती. माझ्या लहानपणी आमच्या वाड्याच्या कुंपणाला मेंदीची दोन झुडपं होती. पावसाळ्यात ती भराभर वाढायची. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आई पाला ओरबाडून आणायची, फातरावर, म्हणजे दगडावर, वाटायची, त्यात कात घालायची, लिंबू पिळायची. नक्षी वगैरे काही नाही. तळहाताच्या मधोमध एक मोठा ठिपका, भोवती लहान ठिपके आणि बोटांच्या टोकांना टोप्या. वर एरंडाचं पान गुंडाळून दोऱ्यानं बांधायचं आणि झोपायचं. सकाळी अंथरूण, उशी, कधी गालसुद्धा रंगलेला असायचा.

पण तो रंग फिकाच असायचा, नारिंगीच्या पुढे क्वचित जायचा. त्याचं कारण मला हे काम शिकताना कळलं. मेंदीच्या पानात रंग देणारं द्रव्य असतं त्याला लॉसोन म्हणतात. सुक्या पानात ते साधारण १ टक्क्याच्या आसपास भरतं, आणि झाडाला कोरडी, तापलेली हवा मिळाली तर जास्त. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी एवढी नावाजलेली आहे ती त्यामुळे. २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. झाड हिरवंगार होतं, पण पानात रंग धरत नाही. मला नेहमी वाटतं, आपल्या लग्नात लाल रंगाचं काम मेंदीकडे आलं नाही ते यामुळेच. आपण तो दुसरीकडे शोधला: कुंकवात, अबोलीच्या फातीत म्हणजे गजऱ्यात, देवळांच्या भिंतींवरच्या लाल मातीच्या कावी चित्रांत. मातीनं दिलं त्यातून आपण सौभाग्याचा रंग उचलला. राजस्थानच्या बाईनं तिच्या मातीतून उचलला. दोघींच्या मनातली गोष्ट एकच आहे.

आणि आपल्याच गोव्यात मुसलमान कुटुंबांत मेंदीची रात पिढ्यान्पिढ्या आहे. माझ्या उमेदीच्या काळात मी खरं शिकले ते फोंड्यातल्या एका खालांकडून. कोन कसा वळायचा, टोक किती बारीक ठेवायचं, मनगट न टेकवता रेघ कशी ओढायची, सगळं त्यांनी दाखवलं. खाला नवरीच्या तळहातावर आधी चिमूटभर मेंदी ठेवायच्या, सात जणी येऊन तिला बोट लावायच्या, मग नक्षीला सुरुवात. मोरोक्कोपासून येमेनपर्यंत अशा रात्री आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं १६ अरब देशांच्या मेंदीच्या चालीरीती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या. एवढ्या मोठ्या जगाची गोष्ट आपल्या अंगणात येत असेल तर तिला पाट मांडावा, असं माझं मत आहे. फक्त चुड्याचा पाट काढून नव्हे.

मेंदीचा अर्थ काय, असं मला नेहमी विचारतात. पुस्तकात लिहितात सौभाग्य, संतती, दृष्ट न लागणं, अंगातला दाह कमी होणं. हे सगळं त्यात आहे. पण माझ्या पाटावरून मला दिसतं ते वेगळं. मेंदी लावलेली नवरी आठ तास काही करू शकत नाही. तिला पाणी दुसरीनं पाजावं लागतं, घास भरवावा लागतो, कपाळावरची बट कोणीतरी मागे सारावी लागते. आपल्या घरांत मुलीचे हात कधी रिकामे नसतात. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा ती चहाचे कप मोजत असते. त्या दिवशी तिला सक्तीनं बसवलं जातं आणि बाकीच्या तिच्याभोवती बसतात. मी खाली मान घालून काम करत असते, त्यामुळे मी तिथं असल्याचं सगळ्या विसरतात आणि बोलायला लागतात. थोरली बहीण धाकटीला काय सांगते, मावशी स्वतःच्या पहिल्या वर्षाबद्दल काय सांगते, ते मी ऐकलं आहे. माझ्यासाठी मेंदीचा अर्थ तो आहे. म्हणून तुझ्या सासरच्यांना हवा तो गाण्यांचा कार्यक्रम होऊ दे, पण त्याआधी घरच्या चारच बायकांत दोन तास मिळतील असं बघ. मोठ्या आवाजात हे बोलणं होत नाही.

आता रंगाचं. मेंदी गडद रंगली की नवरा जास्त प्रेम करतो, सासू लाड करते, असं म्हणतात. गंमतीत म्हणतात तोवर ठीक आहे. मात्र एका लग्नात मी हे फार वाईट रूपात पाहिलं. मुलीला मेंदी लावून जेमतेम दोन तास झाले होते, आणि कुणीतरी तिला उठवून पाहुण्यांच्या पाया पडायला लावलं, हात धुवायला लावले. रंग फिकट आला. दुसऱ्या दिवशी मांडवात एक बाई तिचा हात उलटा करून सगळ्यांसमोर काहीतरी बोलली. ती मुलगी सगळ्या फोटोंत हात पदरात घेऊन उभी आहे. मला आजही ते आठवलं की राग येतो. रंगाचा संबंध प्रेमाशी नाही. लॉसोन त्वचेतल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. तळहात-तळपायाची कातडी जाड, म्हणून तिथं रंग खोल बसतो. हाताच्या पाठीवर आणि कोपराकडे तो फिकटच राहणार. ज्यांचे हात थंड असतात त्यांना कमी चढतो, ताजी मेंदी असली तर जास्त चढतो. एवढंच त्याचं गणित.

त्यामुळे गडद रंग हवा असेल तर प्रेम तपासू नकोस, मेंदी तपास. मी कशी भिजवते ते सांगते. बारीक चाळलेली १०० ग्रॅम पूड, त्यात लिंबाचा रस आणि पाणी घालून इडलीच्या पिठापेक्षा घट्ट कालवायची. आंबटपणामुळे रंग सावकाश आणि पुरेपूर सुटतो. झाकून आठ-दहा तास ठेवायची. मग तळहातावर एक ठिपका ठेवून पाच मिनिटांनी पुसायचा. अबोलीच्या फुलासारखा केशरी डाग उमटला की तयार. त्यानंतर साखर आणि निलगिरीचं तेल. साखरेनं मेंदी कातडीला धरून राहते. पण आपल्या दमट हवेत साखर जास्त झाली की ती हवेतलं पाणी ओढते आणि नक्षी पसरते. उत्तरेकडच्या पाककृती बघून भिजवणाऱ्या इथं याच ठिकाणी फसतात. पावसाळ्यातल्या लग्नाला मी साखर निम्मी करते. तुझं मार्गशीर्षात आहे, हवा बरी असेल. शेवटी जुन्या ओढणीच्या कापडातून गाळून कोनात भरायची. भरलेले कोन फ्रीजरमध्ये टिकतात, बाहेर दोन दिवसांत रंग मरतो.

लग्नाच्या दोन दिवस आधी काढून घे. सहा ते आठ तास अंगावर राहू दे, सुकायला लागली की लिंबू-साखरेचं पाणी कापसानं टिपून लाव, तव्यावर लवंगा टाकून त्याची वाफ हाताला दे. मग खरवडून काढ, धुऊ नकोस. पुढचे बारा तास तरी पाणी टाळायचं, खोबरेल चोळायचं. मेंदी खरवडल्यावर हात केशरी दिसले तर रडायला बसू नकोस, निम्म्या नवऱ्या त्या वेळी मला घाबरून फोन करतात. हवा लागत जाते तसा रंग चढतो. एक-दोन दिवसांत तो वाळलेल्या आमसुलांसारखा होतो. म्हणूनच दोन दिवस आधी. हळदीच्या वेळी हाताला उटणं खसखसून चोळू नका एवढं बायकांना सांगून ठेव. रोस असलेल्या घरांतही मी हेच सांगते.

काळ्या मेंदीला माझं उत्तर स्पष्ट आहे: नको. मेंदीच्या झाडात काळा रंग नाही. केशरी, तांबडा, तपकिरी, फार तर गडद तपकिरी. अर्ध्या तासात काळी कुळकुळीत रंगते ती केसांच्या कलपातल्या पीपीडी नावाच्या रसायनामुळे. किनाऱ्यावर पर्यटकांना असे गोंदणासारखे छाप काढून देतात. एक मुलगी माझ्याकडे लग्नाच्या पाच दिवस आधी आली, तिच्या मनगटावर अशाच छापाच्या आकाराचे फोड आले होते, पाकळी न् पाकळी ओळखू येत होती. मी तिला हात न लावता त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. फोड बरे होतात, पण एकदा अंगाला पीपीडीचं वावडं निर्माण झालं की ते जन्मभर राहतं. पुढे कधी केसांना कलप लावला तरी डोकं, डोळे सुजू शकतात. दुकानात मिळणारे पाच मिनिटांत रंगणारे लाल कोनही मी वापरत नाही, त्यांतही रसायनं असतात. कोनाचा वास घे. पाल्याचा आणि तेलाचा वास यायला हवा. पेट्रोल किंवा कलपासारखा वास आला तर ठेवून दे.

आणखी एक, कारण लग्नघरात हौसेनं तान्ह्या बाळांच्या तळव्यांनाही मेंदी लावतात. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी शुद्ध मेंदीनंही फुटू शकतात, आणि लहान बाळांना त्याचा मोठा धोका असतो. कमतरता आहे हे पुष्कळदा घरच्यांना माहीतही नसतं. बाळाच्या पायाला कुंकवाचं बोट पुरे.

नक्षीबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते, आजीसाठी. मनगटाच्या वर चार बोटं जागा कोरी ठेवायला सांग. तिथं चुडा येणार आहे. नाहीतर हिरव्या कांकणांखाली गिचमिड होते आणि दोन्ही दिसत नाहीत. मेंदी आधी, चुडा नंतर, हा क्रम ठेव. ओल्या मेंदीवर कांकणं चढत नाहीत. आणि राजाराणी, हत्ती, पालखी यांच्याऐवजी एका हातावर तुळशीवृंदावन आणि दुसऱ्यावर समई काढून घे. अबोलीची फाती बोटावरून वळवत आणता येते, कुणबी साडीच्या चौकटी मनगटाला सुंदर दिसतात. मी हे काढते तेव्हा आज्या जवळ येऊन बघतात. एका आजीनं समईच्या वाती मोजल्या होत्या आणि एक कमी भरली म्हणून मला वाढवायला लावली.

आता तुझी आई.

तुझ्या आत्या जे म्हणताहेत ते मी शेकडो घरांत ऐकलं आहे. सगळ्यांत वाईट हे की बहुतेक वेळा आई आपणहून मागे होते. कोणी काही म्हणायच्या आत ती स्वयंपाकघरात जाते, "माका जायना गो, तुमी लायात", मला नको गं, तुम्ही लावा, म्हणते. हाताला काम लावून घेते, म्हणजे मेंदी का नाही लावली हा प्रश्नच येत नाही. मेंदीला मंत्र नाही हे मी वर सांगितलं ते याचसाठी. जिथं शास्त्राचा विधीच नाही तिथं कोणाला वगळण्याचा शास्त्राधार कुठून येणार? हा आचार बायकांचा आहे, बायकांनी ठेवलेला आहे, आणि तो बदलायचा अधिकारही बायकांचाच. तुझ्या सासरच्या कोल्हापूर जिल्ह्यातच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. तिथल्या गावसभेला जे जमलं ते आपल्या ओसरीवर जमायला हरकत नाही.

पण आत्यांशी वाद घालायला तू जाऊ नकोस. लग्नाच्या तोंडावर त्या वादाचा भार शेवटी आईवरच पडतो. मी काय करते ते सांगते. अशा घरी गेले की मी आधी विचारते, "आई कुठं आहे?" तिला बाहेर बोलावते, म्हणते, नक्षी सुरू करायच्या आधी मला कोनाची धार बघायची आहे, जरा हात द्या. तळहात पुढे येतोच. मधोमध एक मोठा ठिपका ठेवते, भोवती लहान ठिपके, अगदी पूर्वी पाल्याच्या वाटलेल्या मेंदीचे असायचे तसे. अर्धा मिनिट लागतो. काहीजणींच्या डोळ्यांत पाणी येतं, काहीजणी हसतात, एकीनं तर दुसराही हात पुढे केला. नवरीच्या हाताला कोन त्यानंतर लागतो. कुजबुजणाऱ्या बायकांपैकी आजवर एकीनंही त्या ठिपक्याला माझ्या तोंडावर हरकत घेतलेली नाही.

तुझी मेंदीवाली जी कोणी असेल तिला हे आधी फोन करून सांगून ठेव. आजीलाही सांग, आणि आईच्या शेजारी तिला बसव. आईला त्या दिवशी स्वयंपाकघरात काम राहणार नाही अशी सोय कर, जेवण बाहेरून मागव. तिला सहा तास बसता यायला हवं.